पंचविसावं फूल

३ फेब्रुवारी, मंगळवार

चोवीस होती. आज पंचवीस झाली.

दुपारी पार्थचा पुण्याहून फोन. "मावशी, एक फूल जास्त कर. आईच्या फोटोला." मग हॉलचं, बँडचं, गाड्यांचं बोलत बसला. मी हं हं करत होते. कानात ते एकच वाक्य.

फुलं म्हणजे कोटाला लावायची. एक गुलाब, बारीक पांढऱ्या फुलांची काडी, एखादं पान, मागे पिन. होणाऱ्या सुनेनं, मोहिनीनं, पुण्यात मैत्रिणीच्या लग्नात पाहिली. बुटोनिअर म्हणतात म्हणे. दोन्ही घरच्या अगदी जवळच्यांनी लावायची, म्हणजे गर्दीत घरचे कोण ते कळतं. "विकतची नकोत, मावशींचा हात चांगला आहे, त्याच करतील," असं तीच म्हणाली. मला किती बरं वाटलं होतं. दोन दिवस दुसरं काही सुचत नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "लग्नात बिल्ले कशाला? निवडनूक हाय का?" — तरी हसले.

आता एक फूल ताईला. घरचे कोण ते कळावं म्हणून.

रेणुकाताई, माझी सख्खी थोरली बहीण. जाऊन पंचवीस वर्षं झाली. पार्थ तेव्हा दीड वर्षाचा. तिच्या जागी या घरात मी आले. पार्थची आई ती. मी मावशी. बोलायला लागला तेव्हापासून मावशी. सव्वीस वर्षांचा झाला, अजून मावशी.

करीन की. पंचवीस काय न् चोवीस काय.

५ फेब्रुवारी, गुरुवार

पत्रिका आल्या. कणकेचे हात तसेच पुसले आणि आधी उघडली.

"कै. सौ. रेणुका व श्री. रंगनाथ यांचे सुपुत्र चि. पार्थ." मग मोहिनी आणि तिचे आईवडील, नेवाशाचे. खाली 'आपले नम्र' मध्ये पहिल्या सासूबाई, मग सगळे चुलते-चुलत्या, आणि कोपऱ्यात पानाफुलांच्या नक्षीला टेकून — सौ. रेश्मा रंगनाथ.

ह्यांना विचारलं. पत्रिका वाचून हे म्हणाले, "मजकूर आईनं सांगितला प्रिंटवाल्याला. तुझं नाव आहे की." आणि चपला घालून कारखान्यात गेले.

सासूबाई ओट्यावर शेंगा फोडत होत्या. मी काही बोलायच्या आतच म्हणाल्या, "पोराची आई कोन ते पत्रिकेत यायला नको व्हय? मेली म्हनून काय तिला पुसायची?"

पुसा असं मी कधी म्हटलं? पंचवीस वर्षांत एकदा तरी? आणि ती पुसली जाते कुठे! या घरातल्या प्रत्येक तांब्यावर, परातीवर, कळशीवर 'सौ. रेणुका' कोरलेलं आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा आमचे वडील, आप्पा, म्हणाले होते, त्याच घरात परत भांडी कशाला द्यायची. मी तिच्या नावातून पाणी पिते. तिच्या नावात भात शिजवते. घासून घासून अक्षरं थोडी बुजलीत, एवढंच.

८ फेब्रुवारी, रविवार

गनीभाईंच्या फुलांच्या दुकानात गेले होते. त्यांची सून तमन्ना हे काम नगरला एका डेकोरेशनवाल्याकडे शिकली आहे. म्हणाली, "काकू, सोपं आहे. दोन दिवसांत हात बसेल."

सोपं नाही. गुलाबाचं देठ बोटाच्या पेराएवढं ठेवायचं. फुलाखाली जी हिरवी गाठ असते तिच्यातून बारीक तार आरपार घालायची, दोन्ही टोकं खाली वळवायची. मग जिप्सोची, म्हणजे त्या बारीक पांढऱ्या फुलांची काडी, एक पान, आणि वरून हिरवी टेप. टेप ताणत ताणत गुंडाळायची. ताणली तरच चिकटते, नाहीतर सुटते. मी इतकी ताणली की पहिल्या तीन फुलांनी मान टाकली.

"काकू, गळा आवळू नका त्याचा," तमन्ना हसत म्हणाली.

चौथं बरं झालं. पाचवं चांगलं झालं. मी खुशीत होते. तेवढ्यात गनीभाई आतून आले, फूल हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाले, "वहिनी, तुमच्या बहिणीचा हात पण असाच होता. दर शुक्रवारी यायच्या. शेवंतीची वेणी मी कितीही घट्ट बांधली तरी इथंच बसून सोडायच्या, परत बांधायच्या. अब्बा म्हणायचे, या पोरीला दुकानात ठेवून घ्या. आवाज लई गोड होता बघा."

ताई या गावात चार वर्षं राहिली. मी पंचवीस वर्षं याच दुकानातून फुलं नेते. माझ्याबद्दल गनीभाई कुणाला काय सांगतील? वहिनी कधी पिशवी आणायला विसरत नाहीत — हेच.

पाचवं फूल घरी घेऊन आले. वाटेत पिशवीत चेंगरलं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

झेंडूवर सराव. बोटं हिरवी झालीत. पोळीला वास येतो म्हणाले हे.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

मोहिनी आणि तिची आई आल्या होत्या, साड्यांचे रंग दाखवायला. म्हणजे फुलं कोणत्या रंगाची ते ठरेल. पांढरा गुलाब ठरला. वराच्या कोटाला मात्र एकच लाल.

मुलगी चांगली आहे. हे लिहायलाच हवं, कारण पुढचं मी रागात लिहिणार आहे.

दारात आली, चप्पल काढली आणि सरळ ताईच्या फोटोसमोर गेली. डोकं टेकलं. मग सासूबाईंच्या पाया पडली. मग माझ्या. तिसरी मी. तिची आई फोटोकडे बघत म्हणाली, "पार्थ अगदी आईवर गेलाय हो. नाक तर तेच."

माझंही नाक तेच आहे. आम्ही दोघी एका आईच्या पोटच्या, लहानपणी जामखेडच्या बाजारात लोक मला तिच्या नावानं हाक मारायचे. पण मी तिथेच ट्रे घेऊन उभी, आणि ते त्या बाईला दिसलं नाही. ती फोटोत तेवीसची आहे. मी पंचेचाळीसची. माझ्या नाकावर चष्मा आहे. फोटोतल्या बाईचे गुडघे दुखत नाहीत. फोटोतल्या बाईनं पार्थला कधी फटका मारला नाही, अभ्यासावरून बोलली नाही, गाडी घेऊन देऊ नका म्हणून भांडली नाही. ती नुसती हसते. नुसतं हसायला मलाही येतं.

मग ठरलं ते असं. स्टेजसमोर पहिल्या रांगेत एक खुर्ची, खुर्चीवर ताईचा फोटो, फोटोला फूल. "पार्थची फार इच्छा आहे," मोहिनीची आई म्हणाली. डोळे पुसले तिनं. न पाहिलेल्या बाईसाठी.

नंतर मोहिनी एकटी स्वयंपाकघरात आली. हळूच म्हणाली, "मावशी, तुम्हाला चालेल ना खुर्चीचं?"

"न चालायला काय झालं," मी म्हणाले. "माझीच बहीण."

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

माझीच बहीण. किती सहज म्हणाले.

१५ फेब्रुवारी, रविवार

महाशिवरात्र. उपवास. सगळे देवळात गेलेत, घर रिकामं आहे. आज लिहिते.

ताईला कावीळ झाली तेव्हा मी एस.वाय.ला होते. बी.एड. करायचं होतं. आई म्हणाली, चार दिवस जा, पोराला सांभाळ. मी दोन फ्रॉक— नाही, दोन ड्रेस घेऊन आले. अठराव्या दिवशी ताई गेली. घरात माणसांची रांग लागली आणि पार्थ माझ्या कडेवर. तो मला सोडेना. कुणी घेतलं की रडून निळा व्हायचा. मी एका हातानं त्याला धरून दुसऱ्या हातानं लोकांना पाणी देत होते. तेराव्याला आप्पा ह्यांच्याशी बाहेर ओट्यावर बराच वेळ बोलले. आत आले आणि मला म्हणाले, "रेशमे, पोरगं तुलाच बिलगलंय. आता तूच."

मला कुणी विचारलं नाही. मीही नाही म्हणाले नाही. तीन महिन्यांनी लग्न. ताईचीच पैठणी, ब्लाउज उसवून बारीक केला.

मला दोनदा दिवस गेले. दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात गेलं. नगरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इलाज करू, होईल. हे म्हणाले, "कशाला जिवाला त्रास. पार्थ आहे की." चांगल्या मनानंच म्हणाले. मीही तेच म्हणाले. पार्थ आहे की.

गोवर आला तेव्हा नऊ दिवस कुणी त्याच्याजवळ बसलं? तिसरीत तोतरं बोलायचा, रोज संध्याकाळी त्याला जोरानं वाचायला लावून कुणी ते घालवलं? पुण्याला कॉलेजला सोडून आल्यावर एस.टी.त राहुरीपर्यंत कोण रडलं?

एवढं सगळं केल्यावर माणसाला एक खुर्ची मिळते. ती मिळाली तिला.

वाचून लाज वाटतेय. फाडणार नाही. खरं आहे ते.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

गुरुजी यादी घेऊन आले. म्हणाले, "देवकाला वराच्या आईवडिलांनी बसायचं."

हे म्हणाले, "ही बसेल की."

पाटावर बसायला मी चालते. मी नसते तर सुपारी ठेवूनही चाललं असतं.

संध्याकाळी जामखेडहून सहादेवचा फोन. माझा धाकटा भाऊ, पार्थचा मामा. खुर्चीचं त्याला कळलं होतं. म्हणाला, "अक्का, तू हे घडवून आणलंस. दुसरी बाई असती तर फोटो माळ्यावर टाकला असता." मी म्हटलं, कोट शिवून झाला का तुझा?

२० फेब्रुवारी, शुक्रवार

पार्थ आला. डिकीतून आधी काय काढलं — फोटो. भिंतीवरचाच, पण पुण्यात स्टुडिओत देऊन मोठा करून आणला. पिवळे डाग काढलेत. गालावर लाली आणलीय. ताई आता बावीसचीसुद्धा दिसत नाही, कॉलेजातली दिसते. सासूबाईंनी पदरानं काच पुसली. "माझी रेनुका," म्हणाल्या. मला अशी हाक त्यांनी आजवर मारलेली नाही. "रेश्मा, गॅस बघ" — अशी मारतात.

पार्थनं मला विचारलं, "कसा झालाय?"

"छान," म्हणाले.

तो माझ्याकडे बघत राहिला. आणखी काही बोलेन असं त्याला वाटत होतं. मी पोळ्या लाटायला गेले.

२१ फेब्रुवारी, शनिवार

आज एक गोष्ट केली. लिहू का नको असं झालंय.

सकाळी हळद झाली. दुपारी जेवणं आटोपली तेव्हा तमन्ना फुलं घेऊन आली. मागच्या खोलीत चटई टाकून दोघी बसलो. तिनं तारा घालायच्या, मी पानं लावून टेप गुंडाळायची. मध्ये तिनं तिच्या सासूबाईंच्या, फरीदाभाभींच्या गोष्टी सांगून हसवलं. दोन तास कसे गेले कळलं नाही. मला काम करताना कधीच वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते हात रिकामे झाल्यावर.

चोवीस झाली. लाल एक, पांढरी तेवीस. सासूबाईंचं लहान केलं, त्यांना जड नको. सहादेवचं जरा मोठं, त्याची छाती रुंद आहे. माझंही केलं, चारचौघींसारखं. तमन्ना घरी गेली. मग पंचविसावं करायला घेतलं.

लवकर उरकायचं ठरवलं होतं. उरलेल्यातलं कसंही फूल, एक पान, झालं. पण हातांनी ऐकलं नाही. मी टोपलीतला सगळ्यात टपोरा गुलाब कधी निवडला मला कळलं नाही. पाकळ्या अर्ध्या उमललेल्या, एकीवरही डाग नाही. जिप्सो तीनदा बदलली. टेप अशी बसली की सुरुवात कुठे, शेवट कुठे, दिसेना. पंचविसांत तेच सगळ्यात देखणं झालं. आणि ते माझ्या हातून तिच्यासाठी झालं याचा मला इतका राग आला की कान गरम झाले.

चोवीस फुलं मिठाईच्या खोक्यात ओल्या फडक्यावर मांडली, खोकं फ्रीजमध्ये ठेवलं. पंचविसावं खाली भाजीच्या ट्रेमध्ये ठेवलं. कोथिंबिरीच्या जुडीखाली.

कुणी विचारलं तर मोजण्यात चुकलं म्हणायचं. गडबडीत कुणाचंही चुकतं. खुर्ची मिळू दे, फोटो मिळू दे, सगळ्यांचे डोळे मिळू देत. माझ्या हातचं फूल तिला द्यायचं नाही. एवढं एक नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

लग्न लागलं. उद्या लिहीन. अंगात बळ नाही.

२३ फेब्रुवारी, सोमवार

क्रमानं लिहिते.

हॉलवर पोचल्यावर मी खोकं उघडून एकेकाला बोलावून फुलं लावली. ह्यांना लावलं. हे एकदम ताठ उभे राहिले, शाळेत पदक मिळाल्यासारखे. सहादेवला लावलं. मोहिनीच्या घरच्यांची बारा तिच्या आईच्या हातात दिली. सासूबाईंनी पदराला लावून घेतलं आणि मग कुणी हात लावला की "माझं फूल, माझं फूल" करत होत्या. पार्थला लाल लावलं. त्याची छाती माझ्या डोळ्यांसमोर येते आता. पिन लावताना म्हणाला, "टोचू नको हं मावशी." लहानपणी इंजेक्शनच्या वेळी म्हणायचा तसं.

माझं मीच लावलं, आरशात बघून. माझं कोणी लावायचं राहिलं असं कुणाच्या लक्षात आलं नाही.

मग पार्थ फोटो घेऊन खुर्चीपाशी गेला. नीट टेकवून ठेवला. मागे वळून मला खूण केली. मी गेले.

"पंचविसावं?" तो म्हणाला.

"अरे देवा," मी म्हणाले. "चोवीसच झाली वाटतं. मोजण्यात चुकलं माझं."

तोंडावर खोटं बोलले. अक्षता घेऊन लोक येत होते, बँड वाजत होता, आणि माझा आवाज अगदी साधा निघाला.

त्यानं माझ्याकडे बघितलं. रागावून नाही. फळ्यावरचं अक्षर नीट लागलं नाही की बघतात तसं. मग मान खाली घातली, स्वतःच्या कोटाचं लाल फूल काढलं आणि फ्रेमच्या कोपऱ्यात खोचलं.

सहादेव तिथेच होता. तो मोठ्यानं रडला. मोहिनीच्या आईनं डोळ्यांना पदर लावला. कुणीतरी म्हणालं, असा मुलगा मिळायला भाग्य लागतं. फोटोग्राफरनं नवरदेवाच्या मोकळ्या कोटाचा आणि त्या फ्रेमचा असा शेजारी शेजारी फोटो काढला.

मी तिला माझं एक साधं पांढरं फूल द्यायचं नाही म्हणून चोरून ठेवलं. आणि तिनं नवरदेवाचं लाल फूल घेतलं. जागेवरून न हलता.

साडेबाराला मंगलाष्टकं झाली. सगळ्या फोटोंत तेवीस जणांच्या छातीवर फूल आहे. नवरदेवाची छाती रिकामी. अल्बममध्ये ते कायम राहणार. आणि का, ते मला कायम माहीत असणार.

मोहिनीनं एकदा हळूच विचारलं, "मावशी, यांच्यासाठी एखादं जास्तीचं नाही का?" नाही म्हणाले. दुसऱ्यांदा खोटं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

सत्यनारायण. शिऱ्यासाठी दूध काढायला गेले तेव्हा वाटलं आता ते फूल काढून टाकावं. भाजीचा ट्रे ओढला.

फूल नाही.

कोथिंबीर आहे, मिरच्या आहेत, दोन लिंबं आहेत. जुडी सोडून बघितली. ट्रे बाहेर काढून उपडा केला. हिरव्या टेपचा तुकडासुद्धा नाही.

पूजेला बसले, पण गुरुजी काय म्हणत होते एक शब्द कळला नाही. घरात माणसं किती — मी, हे, सासूबाई, पार्थ, मोहिनी, वरचे दहाबारा पाहुणे. कुणीही असेल. कुणीतरी माझं पाप कोथिंबिरीखालून काढून घेऊन गेलंय आणि गप्प आहे.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

काल दोघं कुलदैवताला जाऊन तसेच पुण्याला गेले. पाहुणेही गेले. घर झाडून घेतलं. कोपऱ्याकोपऱ्यात बघत झाडलं.

मला सासूबाईंचाच संशय होता. दुपारी त्या आपणहून म्हणाल्या, "पोरानं सवताचं फूल काढून आईला दिलं. लई गुनाचं हाय." आणि माझ्याकडे बघितलं.

मी विचारलंच. "भाजीचा ट्रे कुणी आवरला का हो लग्नाच्या वेळी?"

"मी न्हाई बा. मला वाकता येतं का?"

खरं आहे. वाकता येत नाही त्यांना. मग म्हणाल्या, "काय हरवलं व्हय?"

"कोथिंबीर," मी म्हणाले.

त्या म्हणाल्या, "तू बी दमली अस. पड जरा." पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. मला त्याचाही आनंद झाला नाही. त्यांना कळलंय म्हणून गोड बोलतायत, असंच वाटत राहिलं.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

मोबाईलवर फोटो आले. खुर्चीचा आधी उघडला. ती हसतेय. लाल फूल शोभतं तिला. तिला काय शोभत नाही.

१ मार्च, रविवार

राहवेना. मीच पार्थला फोन केला. "ते फूल चुकून राहिलं नव्हतं. मी लपवलं होतं," सांगून टाकलं.

"माहीत आहे," तो म्हणाला. "लग्नाच्या सकाळी लिंबू काढायला ट्रे ओढला, तेव्हाच दिसलं. दिवसभर माझ्या खिशात होतं."

"मग मला विचारलंस कशाला?"

"तुला खुर्ची नको असेल तर तू तिथे सांगशील म्हणून. सांगितलं असतंस तर मी फोटो उचलून गाडीत ठेवणार होतो. तू मोजायला चुकलं म्हणालीस. सगळे बघत होते. खिशातलं काढलं असतं तर तुझी शोभा झाली असती. म्हणून माझं दिलं."

मग तोच म्हणाला, "मावशी, मला ती आठवतच नाही. काहीच नाही. मला पहिलं आठवतं ते तू मला कडेवर घेऊन कारखान्याचं धुराडं दाखवतेस. तू तिच्याबद्दल कधी एक शब्द बोलत नाहीस. मला वाटायचं, बहिणीचं दुःख एवढं आहे की बोलवत नाही तुला. खुर्ची मी तुझ्यासाठी ठेवली होती."

फोन ठेवला. खोलीचं दार लावलं. ताई गेली तेव्हा पार्थ कडेवर होता, रडायचं राहून गेलं होतं. आज रडले. ताईसाठी.